दोष केवळ झोनचा नव्हता

संपादक महोदय,

सिरॅक्युस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या ढिसाळ बचावावर बोलताना येथील बहुतेक चाहते अजूनही सारे खापर माजी प्रशिक्षक जिम बोहाइम यांच्या ‘दोन-तीन झोन’वर फोडतात, हे मला पटत नाही. पुढे दोन आणि बास्केटजवळ तीन खेळाडू आपापली जागा राखतात अशा या रचनेत कोपरे मोकळे पडतात, आणि ठरावीक प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची जबाबदारी कुणावरच नसल्याने रिबाउंडही (हुकलेल्या फटक्यानंतर परत येणारे चेंडू) हातचे जातात, हे खरेच आहे. मात्र २००३ च्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅन्सस विद्यापीठाविरुद्ध अखेरच्या क्षणी आपल्या हकीम वॉरिक याने ज्या कोपऱ्यात झेपावून तीन गुणांचा फटका अडवला आणि ८१-७८ अशी आघाडी राखून विजेतेपद मिळवून दिले, तो कोपराही याच झोनमधला होता. (कबड्डीतला कोपरारक्षक पाहिलेल्यांना त्या झेपेचे मोल सांगायला नको.) २०१९-२० पासून तीन गुणांची रेषा मागे सरकली, बचावाचे क्षेत्र ताणले गेले आणि ते व्यापण्याइतके चपळ, लांब हातांचे खेळाडू संघात उरले नाहीत. २०२१-२२ मध्ये १६ विजय आणि १७ पराभव अशी बोहाइम यांच्या कारकिर्दीतील पहिली तोट्याची नोंद झाली, ती त्यामुळे.

२०२३ मध्ये बोहाइम निवृत्त झाल्यावर नवे प्रशिक्षक एड्रियन ऑट्री यांनी खेळाडूगणिक बचाव, म्हणजे प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला अडवण्याची पद्धत, आणला. तरीही २०२४-२५ मध्ये १९ पराभव पदरी पडलेच. आता झोन नव्हता. प्रतिस्पर्धी मात्र सरळ बास्केटपर्यंत पोहोचत होते.

— एक वाचक, सिरॅक्युस (न्यूयॉर्क राज्य)