आशाताई, कडी लावायला सांगितलीत त्याबद्दल

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "काहून आभार मानतं वं, माहं कामच हाये थे" म्हणाल आणि पिशवी उचलून निघून जाल. म्हणून चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. गावची आशा सेविका म्हणून तुमचं काम काय, ते मला ठाऊक आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, रजिस्टर भरायचं. तुम्ही शेवटच्या भेटीला जे केलंत, ते यात कुठंच बसत नाही.

बाळंतपणानंतर मला सारखं रडू यायचं; तुमच्याआधी ते कोणाकोणाला सांगून पाहिलं तेही लिहिते. तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांनी माझं अर्धं बोलणं ऐकून टॉनिक लिहून दिलं. बाटली संपली, गोड होती. रडू येणं काही संपलं नाही. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आमी पाच-पाच पोट्टे वाढवले, तेही वावरातून येऊन." (त्यांची पोरं आजीनं वाढवली हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण असो.) कोणी नजर काढली, कोणी अंगारा आणून दिला. आई फोनवर म्हणाली, थोडं सोस. माझ्या हातातलं पोर तेवढं कोणी घेतलं नाही.

दिवस वेचणीचे होते. भाव चढेल म्हणून कापूस घरातच ठेवलेला, एक खोली ढिगानं अडलेली, आणि आम्ही सगळे उरलेल्या खोलीत नि छपरीत. सांज झाली की धाकटा रडायला लागायचा, ते पार झोपायच्या वेळेपर्यंत. मग तो झोपलेला असला तरी मला त्याचं रडणं ऐकू यायचं. घास गिळवत नव्हता. थोरलीनं पाणी सांडलं तरी माझ्या हाताला कापरं सुटायचं. चार वर्षांची पोर ती, कधीच सुटलेली सवय पुन्हा लागली, अंथरूण ओलं करायला लागली. अंगणात खुंट्याला बांधलेल्या बकरीला सांगायची, "चूप राय, माय रागावते." ते कानावर आलं तेव्हा मला काय वाटलं, ते राहू द्या.

तुम्ही आलात, बाळाचं वजन केलंत आणि रजिस्टर मिटून विचारलंत, गेल्या पंधरा दिवसांत कशात मन लागते का, उदास-उदास वाटते का. मी सासूबाईंकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. मग पुढं काही विचारलं नाही. बाळ खांद्यावर टाकलंत, मला दंडाला धरून कापसाच्या खोलीत नेलंत आणि म्हणालात, "जाय, झोप. अन् आतून कडी लावून घे."

सुनेनं भरदिवसा आतून कडी लावायची! एकत्र घरात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. दार ओढताना सासूबाईंचा चेहरा मी पाहिला. तुम्ही दाराला पाठ टेकून बसलात, आणि बाहेरून तुमचा आवाज आला, "आजी, तुमच्या गुडघ्याचं काय म्हणते?" मी ढिगावर पडले. अंगाला खाज सुटली, केसांत वाळला पालापाचोळा अडकला, तरी अशी झोप लागली की ऊन कधी उतरलं कळलं नाही. बाहेर आले तर तुमच्या खांद्यावर बाळाच्या गुळणीचा डाग वाळलेला, तुमची पुढची घरं राहिलेली, आणि सासूबाई तुमच्यासाठी चहा ठेवत होत्या. कडीबद्दल त्या आजवर एक शब्द बोलल्या नाहीत.

नंतर चहा पिता पिता सांगितलंत ते इतर आयांसाठी लिहून ठेवते. बाळाचं हे असलं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत उतरतं. दूध पाजून झालं, ओलं नाही, ताप नाही, तरी बाळ थांबत नाही आणि आपलं डोकं फिरायला लागलं, तर त्याला पाठीवर निजवायचं आणि पाच-दहा मिनिटं अंगणात जाऊन उभं राहायचं. तेवढ्या रडण्यानं त्याला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे तुम्ही बाळाच्या बाबांनाही समोर बसवून सांगितलंत. रात्री पाजल्यावर ढेकर काढायचं काम तेव्हापासून त्यांच्याकडे आहे, आणि जमतं त्यांना, माझ्यापेक्षा बरं जमतं.

दोन आठवड्यांच्या वर उदासी टिकली तर तो आजार समजायचा आणि इलाज करायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. टेलि-मानस म्हणजे मनाच्या आजारासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर माझ्या फोनमध्ये तुम्ही टाकून दिलात. फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात. मी गोठ्यात उभं राहून लावला. पुढं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. ते सगळं लिहीत बसत नाही. आता बरी आहे.

सासरे म्हणतात, घरी येऊन बाळ पाहायची रीत आपल्या विदर्भातलीच. खरं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात गावच्याच बायांना शिकवून बाळं वाचवून दाखवली, मग ते देशभर गेलं. शेतकऱ्याच्या टेन्शनवर आपल्याकडे आता लोक बोलतात, उशिरा का होईना. त्याच घरातल्या बाईच्या टेन्शनला अजून नखरे म्हणतात. तुम्ही नखरे म्हणाला नाहीत. तुमचे काही पैसे एकेका कामामागे मिळतात, तेही थकतात, आणि दाराला पाठ लावून बसायचा दर कोणत्या जीआरमध्ये असेल असं वाटत नाही. तरी बसलात. असं माणूस गावात आहे म्हणून रात्री फोन हातात घ्यायचा धीर झाला.

हे पत्र मी ग्रामसभेत वाचणार आहे, सरपंचांना सांगून ठेवलंय. त्या दिवशी मीटिंगचं निमित्त काढून पळू नका. आणि तूर निघाली की पायलीभर डाळ पाठवते, ती परत करायची नाही.

तुमची,
घाटंजी तालुक्यातली एक आई