आधी नंबर उतरवून ठेव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की काम संपायला उशीर झाला की हत्यारं रात्रभर गाडीतच राहतात. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. बोललो असतो तर रागावल्यासारखं वाटलं असतं, म्हणून लिहितो आहे.

तू लहान असताना माझी हत्यारांची पेटी गाडीतून चोरीला गेली, हे तू ऐकलं आहेस. पुढचं कधी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी जुन्या सामानाच्या एका ढिगात मला माझं ड्रिल दिसलं. मुठीवरचं रबर माझ्या अंगठ्याखाली झिजलेलं, वायरीला मीच गुंडाळलेली काळी पट्टी. हातात घेताक्षणी ओळख पटली. विकणारा म्हणाला, तुमचं कशावरून? माझ्याकडे बिल नव्हतं, नंबर नव्हता, कोरलेली खूण नव्हती. तक्रार द्यायला गेलो तेव्हाही हेच विचारलं होतं. ते ड्रिल मी परत ढिगावर ठेवलं आणि घरी आलो. पेटी गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

म्हणून कुलपाच्या आधी वही कर. प्रत्येक यंत्राच्या अंगावर एक पट्टी असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर हजारो यंत्रांचा एकच असतो, सीरियल नंबर मात्र त्या एकट्याचा. तोच हवा. नंबर उतरव, पट्टीचा आणि बिलाचा फोटो काढ, आणि ते फोटो स्वतःला मेल करून ठेव. नुसते फोनमध्ये नकोत, फोनही पिशवीबरोबर जाऊ शकतो. पट्टी नखानं निघते, म्हणून प्लास्टिकच्या अंगावर दोन अक्षरं आणि मोबाइलचे शेवटचे आकडे कोरून घे. मोटरला वारा लागायच्या फटींपाशी नको, आणि बॅटरीवर तर मुळीच कोरू नकोस, तिथं मार्करनं लिही. दुसरी खूण बॅटरी काढल्यावर दिसणाऱ्या खाचेत कर. वरची घासली तरी ती बहुधा राहते.

आता गाडी. काचेतून पिशवीचा कोपरा दिसला तरी काच फुटायला तेवढं पुरतं. सामान डिकीत ठेवायचं तर निघतानाच ठेव. पोचल्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडून भरलंस, तर बघणाऱ्याला पत्ताच दिलास. रिमोटचं बटण दाबून तशीच चालू लागू नकोस, दाराची मूठ ओढून बघ, कारण रिमोटचा सिग्नल अडवणारी यंत्रं असतात. अगदीच नाइलाज असेल त्या रात्री मागचं दार भिंतीला इतकं टेकवून गाडी लाव की ते उघडताच येणार नाही. तरी बॅटऱ्या घरात आण. बंद गाडी उन्हात तापली की लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य घटतं, चोर आला नाही तरी. विम्याचे कागदही एकदा नीट वाच. रात्री गाडीत सोडलेली हत्यारं अनेक पॉलिसींत धरतच नाहीत.

तुझ्या खोपटाच्या दाराचा फोटो मी मोठा करून पाहिला. कुलूप चांगलं जाड आहे. पण कोयंडा चार लहान स्क्रूंवर बसवलाय, आणि त्यांची डोकी बाहेर दिसतात. कुलपाला हातही लावायला नको, पेचकस असला की झालं. तिथं आरपार बोल्ट घाल, बाहेरून गुळगुळीत गोल डोकं, आतून मोठा वायसर आणि नट. बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला आहे का तेही बघ. असेल तर कुलूप तसंच राहतं आणि दार उलट्या अंगानं निघतं. शिडी, पहार, कुदळ बाहेर टेकवून ठेवू नकोस. घर फोडायला येणाऱ्याला हत्यार आपणच पुरवल्यासारखं होतं. साखळी बांधलीस तर जमिनीवर लोळती नको, साखळी तोडायच्या कटरचा एक दांडा जमिनीवर रोवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो.

बोल्ट मी आलो की बसवू, आपल्या दोघांचं तासाभराचं काम आहे. वही मात्र आजच सुरू कर. आजोबांच्या पटाशीवर नंबर नाही, पण मुठीच्या खालच्या टोकाला त्यांनी तापलेल्या खिळ्यानं केलेले तीन ठिपके आहेत. त्यांचा जवळून फोटो घे आणि पहिल्या पानावर लाव. आणि ती पटाशी रात्री तुझ्या खोलीत राहू दे.

तुझे,
बाबा