वायसर बदलायला कुणी येत नाही

महोदय,

मी निवृत्त फिटर आहे. एकट्यादुकट्या राहणाऱ्या वयस्क मंडळींच्या घरच्या किरकोळ दुरुस्त्या मी पैसे न घेता करून देतो. नळाचा वायसर किंवा निसटलेली बिजागरी एवढ्यासाठी कारागिराला फेरा परवडत नाही, त्यात त्याचा दोष नाही. पण नळ गळतच राहतो, न्हाणीघर वाळत नाही आणि एक दिवस पाय सरकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, त्यांत साठी ओलांडलेली सर्वांत जास्त.

ही मंडळी स्वतःहून सांगत नाहीत. ‘काही काम आहे का?’ म्हटलं की ‘चालतंय हो, कशाला त्रास’ हेच उत्तर. म्हणून मी विचारतो, ‘रात्री उठलात तर दिव्याचं बटण हाताला लागतं का?’ मग एकेक गोष्ट बाहेर येते.

आधाराचा दांडा बसवताना मी मोजायची टेप नंतर हातात घेतो. आधी आजींना म्हणतो, नेहमीसारख्या उठून दाखवा. हात टेकून टेकून भिंत जिथे काळवंडलेली असते, दांडा तिथेच हवा. पुष्कळ घरांत टॉवेलच्या दांडीला धरून उठतात. ती माणसाच्या वजनासाठी नसतेच, एखाद्या दिवशी स्क्रूसकट हातात येते. टाइलवर ठोकून पोकळ आवाज आला तर तिथे भोक पाडू नये. गिट्टी, म्हणजे भोकात बसवायचा स्क्रू धरणारा प्लग, पक्क्या विटेत बसली पाहिजे, आणि स्वतः पूर्ण भार टाकून पाहिल्याशिवाय हत्यारं आवरू नयेत.

वायरिंग आणि गॅसला मात्र हौशी माणसाने हात लावू नये. बटणातून ठिणगी उडत असेल तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमन गाठून द्यावा, तेही मोठंच काम आहे.

सुतारकाम, नळकाम येणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्तांना विनंती, आठवड्यातला एखादा तास यासाठी काढा. हत्यार येत नसेल त्या तरुणांनी स्टूल धरायला यावं; उंचावरचा बल्ब बदलताना त्याचीच गरज असते. जाताना दोघे जा आणि घरच्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या ओळखीने जा. अनोळखी माणसाला दार उघडायला वयस्क माणसं घाबरतात, आणि त्यांनी तसं घाबरावंच.

– एक निवृत्त फिटर