जूनमध्ये या, मग ठरवू

वेंगुर्ला,
रामनवमी

चि. सौ. मेधास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "बघू, सांगतो" म्हणून फोन आईच्या हातात दिला. अण्णांनी टाळलं असं तुला वाटलं असेल. टाळलंच होतं. अडतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला असलं उत्तर तोंडी देता येत नाही, कागद लागतो.

तुझा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय. सरकार कोकणात एवढा पैसा घालतंय, महामार्ग, सागरी महामार्ग, बंदरं, नवनवीन योजना. मग आपलं वेंगुर्लाही वाढेल ना? आणि वाढणार असेल तर तुम्ही दोघं सोहमला घेऊन कायमचे इकडे यायचं म्हणता. मागून सुहासराव काहीतरी पुटपुटत होते तेही मला ऐकू आलं. त्यांना सांग, त्यांची शंका रास्त आहे.

मी १९८० साली नोकरीला लागलो तेव्हा या गावात पैसा यायचा तो मनीऑर्डरने. लालबाग, परळ, गिरगाव. महिन्याच्या दहा तारखेनंतर पोस्टमन थैली घेऊन निघाला की वाटेवरच्या बायका पायरीवर येऊन विचारायच्या, "आमचा काय इला?" जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. पेपरात त्याच्या मोठमोठ्या बातम्या यायच्या, पण आम्हाला तो काउंटरवर कळला. फॉर्म कमी झाले. मग आकडे लहान झाले. मग फॉर्मच्या खालच्या चार ओळींच्या जागेत "पुढच्या महिन्यात पाठवतो" असं येऊ लागलं.

हे का सांगतो? एवढी वर्षं एवढा पैसा या गावात आला, आणि तरी गाव वाढलं नाही. आलेल्या पैशाने वाण्याची उधारी फिटायची, घरावर कौलं चढायची, पोराची फी भरायची. वाण्याचा माल घाटावरून, म्हणजे त्याचा पैसा चार दिवसांत कोल्हापूर-बेळगावला. आणि फी भरून मॅट्रिक झालेला पोरगा जूनमध्ये मुंबईला. पैसा इथे यायचा, एक रात्र मुक्काम करायचा आणि निघून जायचा. सरकारी पैशाकडेही मी तेव्हापासून याच नजरेने बघतो. तो किती आला हे पाटीवर लिहिलेलं असतंच. राहिला किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

तसं बघितलं तर वेंगुर्ला हे शहर झालं तेच सरकारी पैशाने. बेळगावच्या छावणीला माल पोचवायचा म्हणून इंग्रजांनी आंबोलीच्या घाटातून रस्ता काढला आणि आपलं बंदर भरभराटलं. पुढे १८८० च्या दशकात पोर्तुगीजांच्या गोव्यातलं मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाला जोडलं गेलं आणि माल तिकडे वळला. एका सरकारच्या रस्त्याने गाव उभं केलं, दुसऱ्या सरकारच्या रेल्वेने ते बसवलं. यात वेंगुर्लेकराचा गुण काही नव्हता, दोषही नव्हता. डच वखारीच्या पडक्या भिंतींकडे तू लहानपणी खेळायला जायचीस. माल आणि पेठ दोन्ही होती तेव्हा डचांनी ती बांधली. आता आहे ती भिंत.

मग आपली रेल्वे. आपल्याच गावचे बॅरिस्टर नाथ पै तिच्यासाठी लोकसभेत भांडले, त्यांच्यानंतर मधू दंडवते. १९९० मध्ये महामंडळ निघालं आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. तू सात वर्षांची होतीस. आपण कुडाळला गाडी बघायला गेलो, तू इंजिनाला नमस्कार केलास आणि मी तुझ्या नकळत डोळे पुसले. ही रेल्वे सरकारच्या गुंतवणुकीचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे, आणि ती नसती तर काय झालं असतं याची मला कल्पनाही करवत नाही. पण जनगणना बघ. २००१ मध्ये सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. रत्नागिरीची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. रेल्वे आल्यानंतरच्या दहा वर्षांत माणसं कमी झाली! रेल्वेमुळेच झाली असं मी म्हणत नाही. पण पूर्वी एसटीच्या लाल डब्यात रात्रभर हाडं खिळखिळी करून जावं लागायचं, ते जाणं सोपं झालं. गणपतीला येणंही सोपं झालं, म्हणून मग कायमचं यायची गरज उरली नाही.

त्याच मार्गावर १९९९ पासून रोरो सुरू आहे. कोलाडला भरलेले ट्रक मालगाडीवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. कल्पना उत्तम, डिझेल वाचतं, अपघात टळतात. पण मी कुडाळ स्टेशनात उभा असताना ती गाडी गेली की मला गंमत वाटते. सगळं कोकण ओलांडून जाणारा ड्रायव्हर आमच्याकडे चहासुद्धा पीत नाही. चौपदरी महामार्गाचंही तेच. झाराप-पत्रादेवीचा बायपास झाला आणि सावंतवाडी बाजूला पडली. मुंबईहून गोव्याला जाणारा माणूस आता चितारआळीतली लाकडी खेळणी घ्यायला मुद्दाम आत वळला तरच. रस्ता कोणाच्या दारातून जातो यावर पेठा ठरतात. कणकवली त्यातून मोठी झाली, तर खाडीच्या जिवावर जगणारं खारेपाटण मागे पडलं.

आता तुझ्या दादाकाकांची गोष्ट सांगतो, कारण माझं निम्मं उत्तर त्यात आहे.

१९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना निघाली. शंभर टक्के अनुदान. आपला वरचा डोंगर म्हणजे वरकस जमीन, करवंदी आणि गवत, पिढ्यान् पिढ्या त्यातून गुरांच्या चाऱ्यापलीकडे काही आलं नाही. दादाने तिथे काजूची कलमं लावायचं ठरवलं. आपल्या वेंगुर्ल्याच्या कॅम्प भागातल्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ जात. मी त्याला हसलो होतो. "सरकाराची झाडां ती, कागदारच वाढतली," हे माझं वाक्य, ओसरीवर बसून म्हटलेलं. दादा काही बोलला नाही. उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन त्याने पाणी घातलं. योजनेत एक अट होती, अनुदान एकदम मिळायचं नाही, तीन वर्षांत हप्त्यांनी, आणि पुढचा हप्ता कलमं जगलेली दाखवल्यावर. त्या अटीला तेव्हा सगळे शिव्या घालत होते. आता मला वाटतं, अख्ख्या योजनेत शहाणपणाची गोष्ट तीच होती. भिंत बांधून झाली की बिल निघतं, झाडाला मात्र जगून दाखवावं लागतं.

तुझ्या इंजिनिअरिंगची चारही वर्षांची फी त्या डोंगराने दिली. माझ्या पगाराने दिली असं तू समजतेस, मी तुला तसं समजू दिलं. पगारात घर चाललं. फी काजूची.

आणि ती योजना एकट्या दादाची नव्हती. डोंगरच्या डोंगर हिरवे झाले. बी गावात आली म्हणून गावात कारखाने निघाले, छोटे, घरामागच्या पत्र्याच्या शेडीतले. आज आपल्या वाडीतल्या किती बायका काजू सोलायला जातात ते आईला विचार. त्यांच्या हाताला लागलेला चीक मला दिसतो, मजुरी कमी आहे हेही दिसतं, पण मनीऑर्डरची वाट बघत पायरीवर येणारी बाई आणि ही बाई यांच्यात फरक आहे.

मग वेंगुर्ला वाढायला हवं होतं ना? थोडं वाढलं. पुढे अडलं कुठे, तर एक उदाहरण देतो. बीच्या खाली लोंबतो तो बोंडू. बांद्यापलीकडे गोव्यात त्याचीच हुर्राक आणि फेणी ही दारू होते, २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पर्यटक बाटल्या घेऊन विमानात बसतात. इकडे तोच बोंडू बहुतेक झाडाखाली कुजतो आणि त्यावर माश्या घोंगावतात. माती तीच, पाऊस तोच, मध्ये फक्त हद्दीचा नाका. इथे सरकारने पैसा घालायची गरजच नव्हती. कायदा, परवाना, अबकारीचा एखादा शहाणा नियम, एवढं पन्नास वर्षांपूर्वी जमलं असतं तर? शिवाय आफ्रिकेतून कच्ची बी आली की आमच्या बीचा भाव पडतो, आणि दादाचा मुलगा दर वर्षी मार्चमध्ये तोंड पाडून बसतो. तेही दिल्लीत ठरतं.

आता इमारतींचं. यावर फार लिहीत नाही, तुझा वेळ जाईल आणि माझा रक्तदाब. एका खाडीकाठच्या गावात मासे सुकवायचे ओटे बांधले आहेत, त्यावर लोक गाड्या लावतात, कारण ओटे कुठे हवेत हे कोळणींना कोणी विचारलं नव्हतं. आणि आई पडली तेव्हाची रात्र तुला आठवते. ज्या सरकारी रुग्णालयात नेलं तिथे यंत्र नवंकोरं होतं, प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. चालवणारा माणूस नव्हता. शेवटी सगळे जातात तसे आपणही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलो. यंत्राला एकदाच पैसे लागतात, माणसाला दर महिन्याला लागतात. सरकारला एकदाचा खर्च आवडतो, कारण त्याचं भूमिपूजन करता येतं. पगाराचं भूमिपूजन कसं करणार?

आपल्या जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ त्यातलाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्घाटनाला मीही गेलो होतो, टोपी घालून. केंद्राच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेतलं मुंबईचं विमान सुरू झालं, कधी आलं, कधी रद्द झालं, आणि पुढे बंद पडलं. मधल्या काळात गोव्यातल्या मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला आणि आपल्याकडचे लोक निमूट तिकडे जाऊ लागले.

पण रोज सकाळी मी फिरायला जातो ते कुठे, माहीत आहे? नगरपालिकेच्या कचरा डेपोवर. हसू नकोस. पूर्वी त्या बाजूने नाक धरून जायचो. आता तिथे ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, झाडं लावलेली, बाहेरगावचे लोक बघायला येतात. त्याला विमानतळाएवढा पैसा लागला नाही. लागला तो एक हट्टी अधिकारी आणि रोज घंटागाडीबरोबर फिरणारी, पगार वेळेवर मिळणारी माणसं. बारा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे म्हणून ते जमलं असेल, असंही मला वाटतं. लहान असण्याचा तेवढा एक फायदा.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सरकारी पैशाने लहान गाव वाढू शकतं, मी ते आपल्या डोंगरावर बघितलंय, आणि त्यासाठी मला स्वतःचे शब्द गिळावे लागले. पण तुम्ही योजनेच्या भरवशावर येऊ नका. इथे राज्य सरकारची 'चांदा ते बांदा' योजना आली, सरकार बदललं आणि ती गेली. मग 'सिंधुरत्न' आली. नावं बदलतात, फॉर्म तेच राहतात, झेरॉक्सवाल्याचं मात्र बरं चालतं. तुम्ही काजूप्रक्रियेचं म्हणत होता, त्याला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पस्तीस टक्के अनुदान आहे, कमाल दहा लाख. सुहासरावांना म्हणावं, हिशेब आधी ते पस्तीस टक्के न धरता मांडा. तसा तो बसत असेल तर अर्ज जरूर करा, फॉर्म मी भरून देईन, फॉर्म भरण्यात मला अजून कोणी हरवत नाही. तसा बसत नसेल तर अनुदानानेही बसणार नाही.

आणखी एक. तुम्ही मे महिन्यात येऊन निर्णय घ्यायचं म्हणता. मेमध्ये येऊ नका. मेमध्ये आंबे असतात, फणस असतात, मुंबईकर असतात, गाव कोणालाही आवडतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात या. दोन-दोन दिवस वीज नसते, नेट जातं, एसटी कधी येईल याचा नेम नाही. सोहमला शाळेत एक दिवस बसवून बघू, मुख्याध्यापकांशी मी बोलून ठेवतो. तुम्ही दोघं छत्री घेऊन दादाच्या डोंगरावर जा. वरची चाळीस कलमं आता म्हातारी झाली आहेत, ती काढून वेंगुर्ला-७ लावायची की नाही हे यंदा ठरवायचं आहे. पावसात लावायची तर खड्डे आत्ताच मारून ठेवावे लागतील. दादाचा मुलगा विचारत होता, किती मारू.

आईने ओले काजूगर पाठवले आहेत. पोस्टाने, कुरिअरने नव्हे. पोचले की कळव.

तुझे,
अण्णा