फार्मसीची माहिती दहावीतच द्यावी

माननीय संपादक,

बारावीचा आणि त्यापाठोपाठ 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की डिचोली, सत्तरी, पेडणे भागातील कितीतरी घरांत एकाच गोष्टीची चर्चा असते, ती म्हणजे मुलाला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जागा मिळणार की नाही. उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवताना मी हे दरवर्षी जवळून पाहिले. 'नीट'मध्ये पात्र ठरणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेसुद्धा अनेक पालकांना निकालानंतर कळते. खुल्या प्रवर्गाची पात्रता पन्नासाव्या पर्सेंटाइलवर, म्हणजे साधारण निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असण्यावर, ठरते. सरकारी महाविद्यालयातील जागा मात्र गुणवत्ता यादीत त्याहून बऱ्याच वर संपतात. मग पुन्हा शिकवणी, पुन्हा परीक्षा, आणि हुशार मुलांची उमेदीची वर्षे खर्ची पडतात.

या मुलांना फार्मसीविषयी, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राविषयी, कोणी वेळेवर सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. पणजीचे सरकारी फार्मसी महाविद्यालय १९६३ पासून, म्हणजे गोवा मुक्तीनंतर अवघ्या दोन वर्षांत उभे राहिलेले आहे, आणि वेर्णा, कुंडई येथील औद्योगिक वसाहतींत नावाजलेल्या कंपन्यांचे औषध कारखाने आहेत. तरीही या शाखेचे नाव काढले की 'म्हणजे औषधांचे दुकान ना?' असे विचारले जाते. दुकान चालवणे हेही जबाबदारीचेच काम आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. परंतु चार वर्षांची बी. फार्म. पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला उत्पादन, गुणवत्ता तपासणी, संशोधन, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा विभाग, औषध निरीक्षकाचे पद अशी अनेक क्षेत्रे खुली असतात. दोन वर्षांची पदविका करणाऱ्यालाही पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची सोय आहे. या पदवीसाठी 'नीट' लागत नाही, आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक विषय असला तरी चालते. अकरावीचे विषय दहावीनंतर लगेच निवडायचे असल्यामुळे ही माहिती बारावीच्या निकालानंतर देऊन फारसा उपयोग होत नाही.

परिचर्या (नर्सिंग), फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री (दृष्टितपासणी), प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांची माहितीही अशीच वेळेवर मिळत नाही. रुग्णालय चालते ते या सगळ्यांच्या हातांवर. येथे मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. शहरोशहरी 'शंभर टक्के नोकरी'ची जाहिरात करून अल्पमुदतीचे तंत्रज्ञ अभ्यासक्रम विकले जातात, आणि गरीब पालक कर्ज काढून शुल्क भरतात. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला असून त्यात व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद आहे. त्यामुळे अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची वा परिषदेची मान्यता आहे आणि तो पूर्ण केल्यावर नोंदणी होते का, हे दोन प्रश्न पालकांनी पैसे भरण्याआधी लेखी विचारावेत.

पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची माहितीपुस्तिका विद्यार्थ्यांच्या हाती पडते ती प्रवेशाच्या वेळी, आणि तिची इंग्रजी गावातील पालकांना पेलत नाही. शिक्षण खात्याने आरोग्य क्षेत्रातील सर्व मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची, त्यांच्या कालावधीची, शुल्काची व पात्रतेची छोटी पुस्तिका मराठी व कोकणीतून काढून ती दहावीच्या वर्गात दुसऱ्या सत्रापूर्वी वाटावी, आणि कारखान्यात वा रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांना शाळांनी बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या दैनिकानेही निकालाच्या दिवसांत पहिल्या आलेल्यांच्या छायाचित्रांशेजारी या अभ्यासक्रमांसाठी थोडी जागा राखून ठेवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अध्यापिका, डिचोली