गडकरी साहेब, इन्शुरन्सला माझी बाइक दिसते, मी दिसत नाही

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री,

साहेब नमस्कार. फार प्रस्तावना करत नाही, तुम्हालाही फिरवून बोललेलं आवडत नाही असं ऐकून आहे.

गेल्या आठवड्यात बाइकचा इन्शुरन्स रिन्यू केला. गाडी १५५ सीसी, नुकतीच पाच वर्षं झाली. पहिल्या पाच वर्षांचा थर्ड पार्टी किंवा टीपी, म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्या कोणाला लागलं तर त्याला भरपाई देणारा भाग, शोरूममध्ये गाडी घेतानाच एकदम भरून झाला होता, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला तो नियमच आहे, त्यामुळे इतकी वर्षं मी फक्त ओडी म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग भरत होतो आणि टीपी काय असतो ते बघायची वेळच आली नव्हती. आता दोन्ही एकाच बिलात आले, तेव्हा पहिल्यांदा बिल नीट वाचलं.

बिल असं. गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरीला गेली तर जास्तीत जास्त मिळतील ते पैसे, ५२,००० रुपये. त्यावर ओडी ९८५. तीन वर्षं एकही क्लेम नाही म्हणून एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनसची सूट, ३५ टक्के, म्हणजे ३४५ रुपये वजा, राहिले ६४०. मग थर्ड पार्टी १,३६६. बेरीज २,००६. त्यावर १८ टक्के जीएसटी ३६१. एकूण २,३६७.

आता यातले दोनच आकडे बघा साहेब. तीन वर्षं मी गाडी जपून चालवली, मागच्या पावसाळ्यात सिग्नलवर घसरलो तेव्हा आरसा, इंडिकेटर आणि पुढचं प्लास्टिक गेलं होतं तरी क्लेम टाकला नाही (प्लास्टिकला निम्मेच पैसे देतात, वरून एनसीबी शून्यावर येतो, म्हणून खिशातले भरले), त्या सगळ्याचं बक्षीस ३४५ रुपये. आणि जीएसटी ३६१. म्हणजे तीन वर्षांचा शहाणपणा एका ओळीत आला आणि दोन ओळी खाली जीएसटीत, वरून आणखी सोळा रुपये घेऊन, निघून गेला. हसावं की रडावं कळेना.

प्रीमियम कमी कसा करायचा म्हणून विचारलं की सगळेजण तेच तेच सांगतात. छोटे क्लेम टाकू नका, एनसीबी जपा, रिन्यूअलला ९० दिवसांच्या वर उशीर करू नका नाहीतर एनसीबी जातो, नको ती अ‍ॅड-ऑन (जादा पैसे देऊन घेतलेली कव्हर) काढा, दोन-चार कंपन्यांचे कोट बघा. सगळं बरोबर आहे, पण हे सगळं ओडीचं झालं. टू-व्हीलरच्या बिलात ओडी असतो केवढासा, माझ्यात ६४०. मोठा आकडा टीपीचा, आणि त्याला हात लावायची सोय कुठल्याच गाडीवाल्याला नाही. तो दर कंपनी ठरवत नाही, तुमचं मंत्रालय आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेशी, बोलून नोटिफाय करतं. म्हणून हे पत्र इन्शुरन्स कंपनीला नाही, तुम्हाला.

तर १ जून २०२२ पासून लागू झालेल्या त्या दरात बघितलं काय जातं, तर सीसी. ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ च्या वर १५० पर्यंत ७१४, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ आणि त्याच्या वर २,८०४. बस. चालवणारा अठरा वर्षांचा की पन्नास वर्षांचा, लायसन्स कालचं की वीस वर्षांपूर्वीचं, हेल्मेट घालतो का, सिग्नल तोडतो का, रोज शंभर किलोमीटर फिरतो की फक्त रविवारी गाडी बाहेर काढतो, यातलं काहीही कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये बाइकचा विमा काढायला गेलं तर वय, लायसन्सची वर्षं, लायसन्सवरचे पेनल्टी पॉइंट, रात्री गाडी कुठे लावता, वर्षाला किती चालवता इथपर्यंत विचारतात. आपल्याकडे इंजिन केवढं एवढंच.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक पोरगा आहे, नाव नाही सांगत, चांगल्या घरातला आहे. गाडी १२५ सीसी. सायलेन्सर बदललेला, आरसे काढून ठेवलेले, नंबर प्लेट अशी वाकवलेली की वाचायची तर गुडघ्यावर बसायला पाहिजे. पुढचं चाक वर उचलून पार्किंगमधून बाहेर पडतो. मोबाइलवर ई-चलनांची रांग लागलीये आणि ती तो मित्रांना कौतुकाने दाखवतो. त्याच्या गाडीचा टीपी दर ७१४. माझा १,३६६. मी काही संत नाही, दोन वर्षांपूर्वी पिवळ्या दिव्यावर घुसलो होतो त्याचं चलन भरलंय, पण साहेब, रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या आजोबांना आमच्या दोघांपैकी कोणाची जास्त भीती वाटेल? थर्ड पार्टी म्हणजे शेवटी तेच आजोबा ना.

मला माहितीये यावर उत्तर काय येईल. दर हवेतून येत नाहीत, कुठल्या सीसीच्या गटात किती क्लेम आले, अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलने किती भरपाई दिली हे बघून ठरतात, माणूस मेला तर भरपाईला वरची मर्यादा नाही. मान्य. हेही मान्य की २०२२ च्या बदलात १५० पर्यंतच्या गाड्यांचा दर ७५२ वरून ७१४ वर खाली आला, सरकार फक्त वाढवतं असं मी म्हणणार नाही. पण प्रश्नच सीसीचा विचारला तर उत्तर सीसीचंच येणार. गटाची सरासरी काढायची आणि गटातल्या प्रत्येकाला तीच लावायची, मग गटातला शहाणा गटातल्या येड्याचे पैसे भरतो. आणि गट तरी कसे, १५५ सीसी आणि ३४९ सीसी एकाच खान्यात! १५० ची रेघ पाच सीसीने ओलांडली की दर जवळपास दुप्पट, आणि पुढे जवळजवळ दोनशे सीसी वाढले तरी एक रुपया वाढत नाही. नवीन गाडी घेणाऱ्याला तर हा धक्का पाच वर्षांचा एकदम बसतो, १५० च्या आत ३,८५१ आणि वर गेलं की ७,३६५. जीएसटी धरला तर चार हजारांच्या वर फरक, पाच-सहा सीसीसाठी. बाजारात १४९ पॉइंट काहीतरी सीसीच्या इतक्या गाड्या दिसतात त्यात याचाही थोडा हात असेल का, असा एक फुकटचा संशय मला येतो.

ओडीचं गणित त्या मानाने निदान समजण्यासारखं आहे. गाडीची किंमत दरवर्षी कमी धरतात, एक वर्ष झालं की २० टक्के खाली, दोन वर्षांनी ३०, तीनला ४०, चारला ५०, पाचच्या पुढे कंपनी आणि आपण मिळून ठरवायची. मुंबई, पुण्यासारखी आठ मोठी शहरं एका झोनमध्ये आणि बाकी देश दुसऱ्या झोनमध्ये. पण इथेही माणूस कुठे दिसतो, तर फक्त एनसीबीत, आणि तो एनसीबी गाडी नीट चालवल्याचा नसतो, क्लेम न टाकल्याचा असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्या मजल्यावरचा पोरगा चार वेळा पडला असेल, क्लेम एकदाही नाही, त्याचाही एनसीबी माझ्यासारखाच वाढत असणार.

आता तुमच्याच मंत्रालयाचे आकडे तुम्हाला सांगतो, आगाऊपणा माफ करा. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ४४.५ टक्के टू-व्हीलरवाली. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेले ५०,०२९. तुम्ही स्वतः भाषणात हे आकडे सांगता तेव्हा तुमचा आवाज खाली येतो, ते खोटं वाटत नाही. मग साहेब, विमा काढणाऱ्या प्रत्येक टू-व्हीलरवाल्याच्या हातात जो एक कागद जातोच जातो, त्या कागदावर हेल्मेटचा, चलनाचा, लायसन्सचा एक शब्द नसावा? दंड पोलिस दिसला तर होतो. प्रीमियम पोलिस नसला तरी दरवर्षी येतो. लोकांना सवय लावायची तर यापेक्षा चांगली जागा मला तरी दिसत नाही.

इलेक्ट्रिकला टीपीत १५ टक्के सूट तुम्ही दिलीच ना, म्हणजे दराला कात्री लावता येते. मग ज्याच्या लायसन्सवर सलग तीन वर्षं धोकादायक ड्रायव्हिंगचं एकही चलन नाही त्याला पण द्या, दहा टक्के द्या, पाच द्या, आकडा नंतर बघू. चलन ऑनलाइन, लायसन्स ऑनलाइन, पॉलिसी ऑनलाइन, तिघांची गाठ घालायला आता कागदी फाइल फिरवावी लागत नाही. आणि ज्याची दहा चलनं आहेत त्याच्याकडून जास्त घ्या. यात एक गोची आहे ती मीच सांगतो. चलन गाडीच्या नंबरवर येतं, चालवणाऱ्यावर नाही, घरातली एकच गाडी बाप-लेक दोघं वापरतात, आणि चुकीची चलनंही येतात, दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा फोटो आणि नंबर आपला असले प्रकार होतात. म्हणून नो पार्किंगसारखं चलन यात धरू नका, राँग साइड, सिग्नल, दारू, ट्रिपल सीट एवढंच धरा आणि तक्रार केली तर निकाल लागेपर्यंत ते मोजू नका. आणि ती १५० ची भिंत पाडून तिथे उतार करा, म्हणजे दर सीसीप्रमाणे हळूहळू चढू दे.

मध्येच शोरूमचं एक सांगून टाकतो कारण ते आठवलं की डोकं फिरतं. भाच्याची नवीन गाडी घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने छापील कागद पुढे सरकवला, त्यात मालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचे पैसे लावलेले. भाच्याच्या नावावर आधीच स्कूटर आहे आणि हा अपघात विमा त्याने वेगळा काढलेला आहे, तेवढ्या रकमेचा आधीच असला तर प्रत्येक गाडीला परत घ्यावा लागत नाही, २०१९ पासूनचा नियम आहे. तसं म्हणलं तर हा म्हणतो, कंपल्सरी आहे सर. मी म्हणलं पॉलिसी दाखवतो. मग म्हणतो सिस्टिम काढू देत नाही. विमा बाहेरून घेतो म्हणलं तर, घ्या की, पण क्लेमच्या वेळी आमच्याकडे येऊ नका. शेवटी अर्धा तास वाद घातल्यावर सिस्टिमने काढू दिलं! किती जण अर्धा तास वाद घालत असतील? गाडी घेताना माणूस हार आणि पेढ्यांच्या मूडमध्ये असतो, त्याला कुठे भांडायचं असतं.

आता जीएसटीचं, आणि इथे मला तुमची एक जुनी गोष्ट आठवते. जुलै २०२४ मध्ये तुम्ही अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं होतं, की आयुर्विमा आणि मेडिकल इन्शुरन्सच्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर लावल्यासारखं आहे. तेव्हा मंत्र्याने मंत्र्याला पत्र लिहिलं म्हणून लोक हसले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा दोन्हीवरचा जीएसटी शून्य झाला. त्याच वेळी ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा पण २८ वरून १८ वर आला, ते चांगलंच झालं. पण बाइकच्या इन्शुरन्सवरचे १८ टक्के जागच्या जागी. आयुर्विमा मी घेतला नाही तरी मला कोणी दंड करत नाही. थर्ड पार्टी नसला तर पहिल्यांदा २,००० दंड, दुसऱ्यांदा ४,००० आणि कायद्यात तीन महिने जेलसुद्धा. जी गोष्ट घ्यायची सक्ती कायद्याने केली, आणि तीही माझ्यासाठी नाही, मी ज्याला धडकेन त्याच्यासाठी, तिच्यावर कर कशाला? संसदेची समितीच सांगते की रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमाच नाही. यांच्यातल्या एखाद्याने उडवलं तर त्या घरच्यांनी भरपाई कोणाकडे मागायची? दर थोडा उतरला आणि टीपीवरचा कर गेला तर त्यातले काही तरी लोक आत येतील.

टीपीचे दर तुमच्या हातात आहेत आणि जीएसटी अर्थमंत्र्यांच्या. तेव्हा पहिलं काम नोटिफिकेशनचं आणि दुसरं परत एका पत्राचं. मागच्या पत्राला उत्तर यायला चौदा महिने लागले. माझं पुढचं रिन्यूअल त्याच्या आधी येतंय, पण हरकत नाही, त्याच्या पुढचंही मलाच भरायचंय.

आपला,
१५५ सीसीवाला एक मतदार

ता.क. खालच्या मजल्यावरच्या पोराने परवा हेल्मेट घेतलं. आरशाला अडकवायला, असं वाटलं होतं, पण आरसे काढलेत ना त्याने, त्यामुळे सध्या हातात धरून चालवतो.