गाडी मी घेऊन जातेय

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलीस का' विचारते, म्हणून लिहितेय. पाडव्याला येते आहे. परत जाताना गाडी पुण्याला नेणार.

बाबा, आधी पूर्ण वाचा. मला ऑफिसला लागते, बसचे हाल होतात, गाडी माझ्याच नावावर आहे... असं पानभर लिहिलं होतं. खोडलं. खरं कारण नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याकडे जाताना चापडगावच्या रस्त्यावरची ती चारी. आईच्या तोंडून निसटलं, तिच्यावर चिडू नका. दलदली भोवत्या पक्षी बघायला तुम्ही मान वळवलीत आणि गाडी चारीत. बागेतल्या माणसाने ट्रॅक्टर लावून काढली म्हणून निभावलं. आकाशातला भोवत्या दिसला, कडेचा दगड नाही. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टर डिसेंबरपासून सांगताहेत. 'बदकं जाऊ देत, मग बघू' म्हणालात. चालली ना आता बदकं? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेतलीय. मी रजाही टाकलीय.

नांदूरमध्यमेश्वर बंद, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. २०२० च्या जानेवारीत ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं, तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. माझ्या दहावीला सुद्धा वाटले नव्हते! त्या माणसाला मी घरी बसवीन का?

शेजारच्या काकूंचा भाचा दर रविवारी पहाटे साडेपाचला त्याची गाडी घेऊन येईल. पैशाचं त्याचं माझं ठरलंय, त्यात पडू नका. मागच्या खेपेला स्टेशनवरून त्याच्याच गाडीत आले मी. सीट उंचावर नाही, आईचा गुडघा दुखणार नाही. दोन घडीच्या खुर्च्या घेतल्यात, हात असलेल्या, म्हणजे आईला टेकून उठता येईल. आणि आई, वाटेत सोय नाही म्हणून तू सकाळपासून पाणीच पीत नाहीस, ते चालणार नाही. तो निफाडला थांबेल, मी सांगून ठेवलंय. दशम्या त्यालाही दे.

काल बाबांची जुनी वही काढून बसले होते. (हो, मीच आणली, न विचारता. पाडव्याला परत आणते.) चौथीतली नोंद सापडली. जांभळी पाणकोंबडी पाहून मी ओरडले होते, 'आई, सोवळं नेसलेली कोंबडी!' कपाळावर लाल टिळा, अंगावर जांभळं रेशीम, चिखलातून पाय उचलत चाललेली. बाबांनी तसंच लिहिलंय, 'सोवळं नेसलेली, ३', आणि खरं नाव कंसात. स्कूटरवर त्या थंडीत मी बाबांच्या स्वेटरला नाक लावून बसायचे. डांबरगोळ्यांचा वास यायचा. पुण्यात अजून कुणाच्या कपाटातून तो वास आला की मला आधी पाणी दिसतं, मग पक्षी.

तर आता ऐका. मनोऱ्यावर चढायचं नाही, खालून जेवढं दिसेल तेवढं. बोरगडाची गिधाडं यंदा राहू देत. साखरेची गोळी नाश्त्याआधी, 'परत आल्यावर घेतो' नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस धुळीत जायचं नाही.

तेवढे दिवस गच्ची आहेच. समोरच्या उंबरावर तांबट बसला की भांडीबाजारातला ठोका घरबसल्या ऐकू येतो. काटेसावरीवर पळसमैना अजून असतील, एप्रिलात त्याही जातील. आणि जास्वंदीवरच्या शिंजीराचं काय झालं? आई म्हणाली होती, पिसं बदलतोय, अजून अंगावर ठिगळं आहेत. पुरता जांभळा झाला की त्या दिवशी फोन करा, रात्री उशीर झाला तरी.

गाडीची दुसरी किल्ली चहाच्या डब्यामागे आहे, हे मला माहीत आहे. मी येईपर्यंत ती तिथेच असू द्या.

तुमची,
चिमणी